‘चाचा’ ही संज्ञा आणि आखाती राज्यांची सुरक्षितता : एक टीकात्मक परामर्श

१

पश्चिम रेल्वेवरील वाणगाव स्थानकावरून समुद्राच्या दिशेने गेले असता चिंचणी हे जुने गाव लागते. विसाव्या शतकाच्या मध्यास या गावी काही ताम्रपट सापडले व त्यांतील राष्ट्रकूटकालीन लेख डॉ. दिनेशचंद्र सरकार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या 32 व्या खंडात संपादून प्रसिद्ध केले. त्यांपैकी राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याच्या कारकीर्दीतील शके 848, म्हणजे इ. स. 926 चा लेख भाषेच्या व इतिहासाच्या अभ्यासकास सारखाच मोलाचा वाटावा असा आहे. या लेखात संयान मंडलाचा, म्हणजे आजच्या संजाणच्या परिसराचा, अधिकारी म्हणून मधुमति नावाच्या एका पुरुषाचा उल्लेख येतो. तो ‘ताजिक’ वंशाचा असून त्याच्या पित्याचे नाव सहियारहार असे दिले आहे. मधुमति हे ‘मुहम्मद’ या नावाचे आणि सहियारहार हे ‘शहरियार’ या नावाचे संस्कृत रूप होय. दुसऱ्या कृष्णाने या अरबाकडे हे मंडल सोपविले होते. त्याने आसपासच्या बंदरांचे अधिपती आपल्या स्वामीसाठी जिंकले व तेथे आपले अधिकारी नेमले, असे लेखातील प्रशस्ती सांगते. त्याच्या कारकीर्दीत नद्यांवर मोफत तर चालू झाली, अन्नछत्र उघडले गेले आणि देवीच्या नैवेद्यासाठी व ब्राह्मणांच्या भोजनासाठी एका मठिकेस भूमिदान मिळाले.

‘ताजिक’ हा शब्द मुळात ‘तय्यि’ या अरबी टोळीच्या नावावरून इराणी भाषांच्या द्वारे संस्कृतात आला, असे सामान्यतः मानले जाते. चिंचणीच्या लेखाआधी सुमारे दोन शतके, नवसारी येथील चालुक्य पुलकेशी अवनिजनाश्रय याच्या ताम्रपटात हाच शब्द परचक्र घेऊन आलेल्या व पराभूत झालेल्या सैन्यास लाविला आहे. पुढे संस्कृत ज्योतिषात ‘ताजिक’ ही एक मान्य शाखा झाली, आणि मराठीत उत्तम जातीच्या घोड्यास ‘ताजी’ म्हणण्याचा प्रघात पडला. एकच शब्द नवसारीस शत्रूचा वाचक आहे, चिंचणीस राजाच्या विश्वासू अधिकाऱ्याचा आणि ज्योतिषग्रंथात विद्येचा. शब्दाचा मूळ अर्थ बदलला नाही. बदलले ते त्या शब्दाने निर्दिष्ट होणाऱ्या मनुष्याशी बोलणाऱ्याचे नाते.

बंदरे जिंकणे व तेथे आपले अंमलदार बसविणे हे मधुमतीचे कृत्य चिंचणीच्या लेखात पराक्रम म्हणून नोंदले गेले. हेच कृत्य जिंकल्या गेलेल्या बंदरपतीने लिहून ठेवले असते, तर त्याने कोणता शब्द योजिला असता? हा प्रश्न केवळ कल्पनेचा नाही. अरबी समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवरील सत्तांच्या सुरक्षिततेचा इतिहास पुष्कळ अंशी याच प्रश्नाच्या उत्तरावर उभा आहे.

२

या विषयावरील एका महत्त्वाच्या ग्रंथाचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. 1972 मध्ये शारजाच्या गादीवर आलेले शेख सुलतान बिन मुहम्मद अल्‌ कासिमी यांनी इंग्लंडमधील एक्झिटर विद्यापीठातून 1985 मध्ये डॉक्टरेट संपादन केली आणि 1986 मध्ये ‘आखातातील अरब चाचेगिरीचे मिथक’ या अर्थाच्या शीर्षकाचा इंग्रजी ग्रंथ लंडन येथे प्रसिद्ध केला. राज्य करणाऱ्या पुरुषाने आपल्या घराण्यावरील जुन्या आरोपाचे खंडन करण्यासाठी विद्यापीठीय प्रबंधाची रीत स्वीकारावी, हा प्रसंग विरळा आहे. त्याहून लक्षणीय गोष्ट ही, की या खंडनासाठी लागणारे कागद त्यांना मुंबईच्या दप्तरखान्यात सापडले. ईस्ट इंडिया कंपनीचे आखातातील राजकारण मुंबईहून चालत असे. बुशहर येथील रेसिडेन्सी 1873 पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होती आणि एडन 1839 पासून 1932 पर्यंत मुंबईशी जोडलेले होते. अरब संस्थानांच्या परराष्ट्रसंबंधांचा फार मोठा भाग महाराष्ट्राच्या राजधानीतील कागदांत बांधलेला आहे, ही गोष्ट मराठी अभ्यासकांच्या ध्यानात अद्याप पुरेशी आलेली नाही.

ग्रंथाचा पक्ष थोडक्यात असा. 1797 ते 1820 या काळात कंपनीने रास अल्‌ खैमा व शारजा येथील कासिमी अरबांना चाचे ठरविले ते वस्तुस्थितीमुळे नव्हे, तर आखात आणि हिंदुस्थान यांच्यामधील व्यापारात कंपनीचा वाटा वाढावा म्हणून. कासिमी हे कंपनीचे व तिचा मित्र असलेल्या मस्कतच्या सुलतानाचे व्यापारी प्रतिस्पर्धी होते, आणि कोणाचेही जहाज कोणीही लुटले तरी त्याचा दोष कासिमींच्या माथी मारण्यात आला. 1809 मध्ये कॅप्टन वेनराइट व लेफ्टनंट कर्नल स्मिथ यांच्या मोहिमेने रास अल्‌ खैमा जाळले. 1819 च्या डिसेंबरात सर विल्यम ग्रँट कीर याने ते पुन्हा जिंकले आणि 8 जानेवारी 1820 रोजी किनाऱ्यावरील शेखांशी सर्वसाधारण तह करण्यास आरंभ झाला. या दोन्ही मोहिमा मुंबईहून निघाल्या होत्या.

या मांडणीचे बल उघड आहे. आरोप करणाऱ्याचेच कागद त्याच्याविरुद्ध साक्षीस उभे करणे ही खंडनाची सर्वांत प्रभावी रीत होय. लॉरिमर याच्या आखातविषयक गॅझेटियराने विसाव्या शतकाच्या प्रारंभी जी कथा रूढ केली, आणि बहरीनच्या राजांचे दीर्घकाळ सल्लागार असलेल्या सर चार्ल्स बेलग्रेव्ह यांनी 1966 मधील आपल्या पुस्तकाच्या नावातच किनाऱ्यास ‘चाचेकिनारा’ म्हणून जी पुन्हा दृढ केली, तिचा पाया किती एकांगी पुराव्याचा होता हे शेख कासिमी यांच्या ग्रंथाने दाखवून दिले. त्यानंतर कोणाही अभ्यासकास जुनी संज्ञा डोळे झाकून वापरणे शक्य राहिलेले नाही.

परंतु ग्रंथाची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. हे बचावाचे निवेदन आहे, आणि बचावाच्या निवेदनात वादीची जागा व प्रतिवादीची जागा यांची अदलाबदल होते इतकेच. न्यायासन जेथे होते तेथेच राहते. बेलग्रेव्ह यांच्या पुस्तकात सर्व दोष कासिमींचा, तर येथे सर्व दोष कंपनीचा. चार्ल्स डेव्हिस यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात याच काळातील घटना एकेक करून तपासण्याचा जो प्रयत्न केला, तो या दृष्टीने अधिक समतोल म्हणावा लागेल. जहाजे लुटली गेली, माणसे मारली गेली, हे तर नाकारता येत नाही. त्याच सुमारास नज्दमधील पहिल्या सौदी सत्तेचा प्रभाव किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचला होता व कासिमींच्या समुद्रावरील हालचालींवर त्याचे दडपण होते, हेही विसरता येत नाही. ‘मिथक’ हा शब्द योजिल्याने ‘चाचा’ हा शब्द खोटा ठरविता येतो, पण त्या शब्दाने काय कार्य केले हे उलगडत नाही. आणि खरा विषय तो आहे.

३

भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहता या प्रकरणातील पहिला पुरावा नावाचाच आहे. इंग्रजी कागदांत कासिमींचा उल्लेख ‘जोआस्मी’ असा येतो. ‘कासिमी’चे अनेकवचन ‘कवासिम’, आणि आखाती अरबीच्या बोलीत मूळ ‘काफ’ या वर्णाचा उच्चार काही शब्दांत ‘ज’ असा होतो. त्यामुळे ‘कवासिम’चे ‘जवासिम’ झाले व तेच इंग्रजांच्या कानी पडले. मराठीत अरबी शब्द बहुतेक फारसी लेखनाच्या वाटेने आले म्हणून आपण कौल, करार, कायदा, कबूल असा ‘क’ राखला. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी हे नाव दुभाषे, खलाशी व व्यापारी यांच्या तोंडून ऐकले. ऐकलेल्या नावास जी अस्पष्टता असते ती यालाही होती. एका कुळाचे हे नाव कंपनीच्या पत्रव्यवहारात अनेकदा कुळाची सीमा ओलांडून किनाऱ्यावरील कोणत्याही लढाऊ अरबास लागू झालेले दिसते. विशेषनामाचे सामान्यनाम झाले आणि सामान्यनाम होताना ‘चाचा’ हा अर्थ त्यात मिसळून गेला.

कोकणच्या इतिहासात याचे हुबेहूब उदाहरण आहे. इंग्रजांनी ‘आंग्रे’ या आडनावाचे ‘आंग्रिया’ केले आणि कान्होजीपासून तुळाजीपर्यंत प्रत्येकास ते लाविले. 1737 मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या क्लेमंट डाउनिंग याच्या पुस्तकाच्या लांबलचक शीर्षकातच आंग्र्यास चाचा म्हटले आहे, आणि 1907 मध्ये जॉन बिडल्फ याने आपल्या ग्रंथास मलबारच्या चाच्यांचे नाव दिले तेव्हाही त्याच्या डोळ्यांपुढे प्राधान्याने आंग्रेच होते. त्याच कान्होजीस मराठी राज्यात ‘सरखेल’ ही पदवी होती. त्याने मागितलेले दस्तक हे पोर्तुगीजांच्या ‘कार्ताझ’ या परवान्याहून तत्त्वतः भिन्न नव्हते. समुद्रावरून जाणाऱ्या जहाजाने येथील सत्ताधाऱ्याचा परवाना घ्यावा, न घेतल्यास ते पकडले जावे, हा नियम पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात जारी केला तेव्हा तो राजाचा अधिकार ठरला, आणि कान्होजीने अठराव्या शतकात जारी केला तेव्हा ती लूट ठरली.

मराठीतील ‘चाचा’ व गुजरातीतील ‘चांचियो’ हे शब्द किनाऱ्यावरच्या लोकांच्या अनुभवातून रूढ झालेले आहेत. डहाणू, तारापूर, चिंचणी या बाजूच्या मच्छीमाराच्या व गलबतवाल्याच्या दृष्टीने चाचा म्हणजे ज्याचा परवाना घेऊन सुटका होत नाही असा लुटारू. हा व्यवहारातला भेद सूक्ष्म असून मोलाचा आहे. परवाना देणारा आणि त्या परवान्याचा मान राखणारा मनुष्य कितीही जबरदस्त असला, तरी तो चाचा नव्हे. तो जकातदार होय. इंग्रजी शब्दात मात्र हा भेद नाहीसा होऊन त्या जागी कायद्यातील एक कल्पना येते. ती कल्पना अशी, की चाचा हा अखिल मानवजातीचा शत्रू आहे आणि त्याला शिक्षा करण्याचा अधिकार कोणत्याही राष्ट्रास आहे. हा अर्थ एकदा चिकटला की समोरच्याशी वाटाघाट करण्याचे, त्याचे म्हणणे ऐकून घेण्याचे बंधन उरत नाही.

४

येथे 1820 च्या तहाचा मजकूर बारकाईने वाचणे अगत्याचे आहे. या तहाच्या घडणीत कॅप्टन पेरोनेट थॉम्प्सन या अरबी जाणणाऱ्या दुभाषाचा मोठा हात होता, आणि गुलामांची ने-आण हीसुद्धा चाचेगिरीच समजावी हे कलम त्याच्याच आग्रहाचे फळ मानले जाते. तहाच्या पहिल्या कलमाने लूट व चाचेगिरी कायमची बंद झाली. दुसऱ्या कलमात मान्य युद्ध आणि चाचेगिरी यांच्यातील भेद सांगितला आहे. एका सरकारने दुसऱ्या सरकारविरुद्ध उघडपणे पुकारलेले व आज्ञापिलेले युद्ध ते मान्य युद्ध. त्यावाचून केलेली मारहाण व लूट ती चाचेगिरी.

ही व्याख्या स्वच्छ आहे, आणि तिच्या स्वच्छतेतच तहाचा अंतर्विरोध उघडा पडतो. ज्याला ‘सरकार’ ही पदवी नाही त्याच्याशी तह होऊ शकत नाही. ज्यांच्याशी तह झाला ते सरकार होते असे मानले, तर त्यांनी आजवर मस्कतशी व कंपनीशी केलेल्या लढाया निदान काही अंशी मान्य युद्धाच्या कक्षेत येतात. ते चाचे होते असे मानले, तर त्यांच्या सह्या घेण्यास अर्थ नाही. कंपनीने दोन्ही गोष्टी एकदम केल्या. मागील कृत्यांसाठी त्यांना चाचे ठरविले आणि पुढील बंधनांसाठी त्यांना राजे मानले. मुंबईकर इंग्रजांनी 1713 मध्ये कान्होजीशी करार केला आणि पुढे 1718 मध्ये खांदेरीवर व 1721 मध्ये पोर्तुगीजांसह कुलाब्यावर चाल केली, तेव्हाही हाच प्रकार झाला होता. सहीपुरता राजा व तोफेपुरता चाचा, अशी ही द्विविध संज्ञा आहे. शेख कासिमी यांच्या पक्षास सर्वांत बळकट आधार तहाच्या या रचनेतच मिळाला असता. त्यांचा भर मात्र घटनांच्या खऱ्याखोट्यावर राहिला.

तिसऱ्या कलमाने मित्र अरबांच्या जहाजांवर कोणते निशाण असावे हे ठरविले. पूर्वीच्या तांबड्या निशाणाभोवती पांढरा काठ असावा असा तो नियम होता. ज्याच्यावर पांढरा काठ तो मित्र, ज्याच्यावर नाही तो संशयित. आज शारजा व रास अल्‌ खैमा या दोन्ही कासिमी राज्यांचा ध्वज तांबड्याभोवती पांढऱ्याचाच आहे. जे चिन्ह विजेत्याने ओळखपट्टी म्हणून लाविले, ते वापरणाऱ्याने स्वत्वाची खूण म्हणून राखले. चिन्हाचा अर्थ चिन्हात नसून त्याच्या स्वामित्वात असतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

मस्कतशी झालेल्या करारांची भाषा निराळी आहे आणि मराठी वाचकास ती ओळखीची वाटेल. नेपोलियन मिसरात उतरल्यानंतर 12 ऑक्टोबर 1798 रोजी मस्कतच्या सुलतानाकडून कंपनीने जो लेख घेतला त्याला इंग्रजी संग्रहांतही ‘कौलनामा’ असेच म्हटले आहे. फ्रेंचांना आपल्या राज्यात थारा देणार नाही असे वचन त्यात सुलतानाने दिले. मराठी राज्यव्यवहारात कौल हा वरिष्ठाने कनिष्ठास द्यावयाचा अभयलेख होय. उजाड गाव पुन्हा वसविण्यासाठी सरकार रयतेस कौल देते, आणि कोकणात देवही भक्तास कौल देतो. मस्कतच्या कौलनाम्यात ही दिशा उलटली. अभय ज्याच्या हाती असावे त्या राजानेच वचन लिहून दिले. 1800 च्या जानेवारीत जॉन माल्कम याने मस्कतशी जो दुसरा करार केला, त्यात ही मैत्री सूर्यचंद्र आपले भ्रमण संपवीपर्यंत टिकावी असे म्हटले आहे. दानपत्रांतील ‘आचंद्रार्क’ या पदाशी परिचित असलेल्या वाचकास येथे क्षणभर आपल्याच ताम्रपटांचा भास व्हावा. पण दानपत्रात चंद्रसूर्यांची साक्ष दात्यास बांधून ठेवते. माल्कमच्या करारात ती साक्ष प्रत्यक्षात दुर्बळास बांधून ठेवणारी ठरली.

५

सुरक्षिततेच्या प्रश्नाकडे वळताना दोन मित्रांची तुलना उद्बोधक होईल. 1755 मध्ये नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्याच्या पारिपत्यासाठी मुंबईकर इंग्रजांशी संगनमत केले, आणि 1756 च्या फेब्रुवारीत वॉटसन व क्लाइव्ह यांच्या आरमाराने विजयदुर्ग घेतला. पुण्याच्या दृष्टीने तुळाजी हा आज्ञा मोडणारा सरदार, म्हणजे बंडखोर होता. इंग्रजांच्या दृष्टीने तो चाचा होता. एका मनुष्यासाठी दोन शब्द, आणि त्या दोन शब्दांच्या आधारे एक मोहीम. बंडखोर या शब्दात दंड झाल्यावर पुन्हा पदरी घेण्यास जागा आहे, कारण बंड हे राज्याच्या घरातले भांडण होय. चाचा या शब्दात ती जागा नाही. पेशव्यांनी आपल्या शब्दाने मोहीम आखली, ती संपली मात्र दुसऱ्याच्या शब्दाने. विजयदुर्गातील आरमार जळाले, इंग्रजांनी किल्ला ताबडतोब स्वाधीन केला नाही, आणि बाणकोट इंग्रजांकडेच राहील हे त्याच वर्षीच्या तहात मान्य करावे लागले. पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांस अडवील अशी मराठ्यांची नौका त्यानंतर पूर्वीच्या बळाने उभी राहिली नाही.

मस्कतच्या सय्यद सईदने 1809 व 1819 या दोन्ही वेळी कंपनीच्या मोहिमांना साहाय्य केले. त्याच्या दृष्टीने कासिमी हे शेजारचे शत्रू होते व त्यांचे बळ मोडणे ही त्याची गरज होती. त्याच्याच पूर्वीच्या यारूबी इमामांनी 1650 मध्ये मस्कतमधून पोर्तुगीजांना हुसकावून, 1668 मध्ये दीव लुटले होते व 1674 मध्ये त्यांचे लोक वसईवर उतरले होते. पोर्तुगीजांच्या लेखी तीही चाचेगिरीच होती. ज्या आरमाराच्या परंपरेने स्वतः हा शब्द सोसला, त्याच्या वारसाने शेजाऱ्यावर तो शब्द लादण्यास हातभार लाविला. कासिमींचे बळ मोडले, पण त्यानंतर समुद्रावरचा अखेरचा शब्द मस्कतचाही राहिला नाही. 1856 मध्ये सईद वारल्यावर त्याच्या पुत्रांतील वाद हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयपुढे आला आणि 1861 च्या कॅनिंग निवाड्याने मस्कत व झांजिबार ही राज्ये वेगळी झाली. शेजाऱ्याचा बंदोबस्त परक्या नौकेकडून करवून घेणाऱ्या राजाच्या घराची वाटणी शेवटी त्याच परक्याच्या कचेरीत व्हावी, हे पुणे व मस्कत या दोन्ही दरबारांच्या इतिहासाचे समान तात्पर्य होय. एकीकडे ते 1818 मध्ये प्रत्ययास आले, दुसरीकडे 1861 मध्ये.

किनाऱ्यावरच्या शेखांचे पुढे काय झाले हेही पाहावे. 1835 मध्ये मोत्यांच्या हंगामापुरता समुद्रावरील तह झाला, 1853 मध्ये तो कायमचा झाला, आणि 1892 च्या करारांनी या शेखांनी इंग्रजांवाचून अन्य सत्तेशी संबंध ठेवण्याचा अधिकार सोडला. ‘चाचेकिनारा’ हे नाव जाऊन इंग्रजीत त्यास तहावरून नवे नाव मिळाले. अरबीत त्याचे भाषांतर ज्या शब्दाने झाले त्याचे मूळ ‘सुल्ह’ हे, ज्यापासून आपल्या बखरींतील ‘सला’ म्हणजे समेट हा शब्द आला. सला हा दोघांत होतो. येथे शेखांचा एकमेकांशी सला होता आणि तो राखणारा तिसरा होता. परस्परांवर विश्वास ठेवण्याचे काम कोणालाही करावे लागले नाही, कारण तिसऱ्यावर विसंबणे पुरेसे होते. संरक्षित राज्याचे सर्वांत मोठे दुबळेपण हेच होय. राज्य सुरक्षित असते, पण सुरक्षितता त्याची नसते.

हे दुबळेपण 1968 च्या जानेवारीत ब्रिटनने आखातातून निघून जाण्याचे जाहीर केले तेव्हा उघडकीस आले. 30 नोव्हेंबर 1971 रोजी इराणने रास अल्‌ खैमाची तुंब बेटे घेतली, आणि शारजाच्या अबू मूसा बेटाबाबत झालेल्या समझोत्यानुसार तेथे आपले सैन्य उतरविले. दुसऱ्याच दिवशी संरक्षणाचे करार संपले व 2 डिसेंबर रोजी संयुक्त अरब अमिराती स्थापन झाली. रास अल्‌ खैमा तीत 1972 च्या फेब्रुवारीत आली. दीड शतक ज्या दोन कासिमी राज्यांना समुद्रावर शस्त्र धरण्याची मनाई होती, त्यांच्याच बेटांवर संरक्षक जाता जाता परके सैन्य उतरले. शारजाच्या राजाने पंधरा वर्षांच्या आत ‘चाचा’ या शब्दाविरुद्ध ग्रंथ लिहावा, यामागे केवळ कुळाचा अभिमान नाही. ज्याला चाचा म्हणून निःशस्त्र केले, त्याची बेटे वाचविण्याची जबाबदारी कोणाची, हा अनुच्चारित प्रश्न त्या ग्रंथाच्या पानापानांमागे आहे. ग्रंथाचा खरा जिव्हाळा येथे आहे, आणि त्याच्या एकांगीपणाचे कारणही येथेच सापडते.

1981 च्या मे महिन्यात सहा अरब राजसत्तांनी आखाती सहकार्य परिषद स्थापिली ती ‘सला’ आपसांत करण्याचा प्रयत्न म्हणून. तरीही 1990 मध्ये कुवेतवर संकट आले तेव्हा त्याचे निवारण दूरच्या सैन्यानेच केले आणि 1995 पासून अमेरिकेच्या पाचव्या आरमाराचे ठाणे बहरीनमध्ये आहे. 2017 च्या जूनमध्ये परिषदेच्या तीन सभासदांनी मिसरसह कतारशी संबंध तोडले तेव्हा आरोपाचा शब्द ‘दहशतवादास पाठबळ’ हा होता. 2021 च्या जानेवारीत समेट झाला. आरोपाची शहानिशा करणे हा या लेखाचा विषय नव्हे. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच, की शेजाऱ्यास मानवजातीच्या शत्रूंच्या पंक्तीस बसविणारा शब्द अद्यापही या किनाऱ्यावर पहिले शस्त्र म्हणून उपसला जातो. अशा शब्दानंतर समेट करावयाचा म्हणजे आधी तो शब्द गिळावा लागतो.

६

या विवेचनावरून मराठी इतिहासलेखनापुरता एक निष्कर्ष काढणे क्रमप्राप्त आहे. दा. गो. ढबू यांनी 1939 मध्ये आंग्रे घराण्याचा इतिहास लिहिला, सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेविषयीच्या ग्रंथात आरमाराचा विचार केला, आणि मनोहर माळगावकर यांनी कान्होजीचे चरित्र इंग्रजीत लिहिले. या अभ्यासकांच्या श्रमांमुळे आंग्र्यांना चाचे म्हणण्याचे धाडस आज कोणी मराठी लेखक करणार नाही. पण तोच लेखक आखाताविषयी लिहू लागला, की इंग्रजी ग्रंथांतील किनाऱ्याचे नाव तसेच उचलून मराठीत ‘चाचेगिरीचा प्रदेश’ असे लिहिण्याचा मोह त्यास होण्याचा संभव असतो. आपल्यासाठी सरखेल व दुसऱ्यासाठी चाचा, हा न्याय नव्हे. तो क्लेमंट डाउनिंग याचाच न्याय असून केवळ किनारा बदललेला आहे.

याचा अर्थ ‘चाचा’ हा शब्द कोशातून काढून टाकावा असा नाही. समुद्रावर लूट होते व लुटणाऱ्यास नाव लागतेच. अपेक्षा एवढीच, की तो शब्द योजण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. परवाना देणारी कोणती सत्ता त्या नौकेमागे होती काय? त्या परवान्याचा मान राखला जात होता काय? आणि चाचा हे नाव देणारा स्वतः त्याच पाण्यावर परवाने देऊ इच्छीत होता काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी येतील तेथे हा शब्द टाळावा. तिसऱ्याचे उत्तर होकारार्थी येईल तेथे तो दुसऱ्याचा शब्द म्हणून अवतरणचिन्हांत द्यावा. कासिमींच्या बाबतीत ही उत्तरे प्रत्येक घटनेस वेगळी येतील, आणि तशी ती येऊ देणे हेच संशोधन होय. शेख कासिमी यांच्या ग्रंथाने दप्तरखान्याचे दार उघडले, हे त्याचे ऋण मान्य करून या शहानिशेचे काम ज्यांच्या घराजवळ ते दप्तर आहे त्यांनी पुढे न्यावयास हवे.

चिंचणीच्या ताम्रपटातील मधुमतीस कोणी ताजिक म्हटले म्हणून त्याची बंदरे कोणी काढून घेतली नाहीत, आणि त्याने बंदरे जिंकली म्हणून त्यास कोणी लुटारूही म्हटले नाही. त्याच्या वंशाचा उल्लेख झाला, कामाची नोंद झाली आणि दानाचा तपशील लिहिला गेला. त्या लेखाचा लेखक राजाच्या बाजूचा होता, त्यामुळे त्याची साक्ष निर्दोष समजण्याचे कारण नाही. तरी परक्या मनुष्याचे नाव, त्याच्या पित्याचे नाव व त्याची कृत्ये ही प्रथम लिहावीत आणि निवाडा नंतर करावा, हा त्याचा क्रम एक हजार वर्षांनंतरही अनुकरणीय आहे.